सम्राट लिऊ बांग आणि त्याचे भाऊबंद

सरकारी नोकरीतल्या माणसाने स्मरणिकेसाठी एकदम चीनच्या सम्राटावर लेख द्यावा, याचे मंडळातील काही स्नेह्यांना नवल वाटेल. पण हा सम्राट एके काळी सरकारी नोकरच होता, आणि तोही अगदी खालच्या पायरीवरचा. चीनच्या पूर्व भागात, आजच्या च्यांगसू प्रांतात, पेइ नावाचा तालुका आहे. तिथल्या सिशुई चौकीवर लिऊ बांग अंमलदार होता. येणाऱ्याजाणाऱ्या सरकारी माणसांची सोय पाहायची, चोराचिलटांवर नजर ठेवायची, वरून हुकूम आला की माणसे पोचवायची, एवढेच त्याचे काम. घर शेतकऱ्याचे. त्याला मात्र शेतात राबायचा कंटाळा आणि दारूची व मित्रांची आवड. अशा माणसाने इ.स.पू. २०२ मध्ये हान घराण्याची स्थापना केली, आणि ते घराणे मध्ये थोडा खंड पडला तरी चारशे वर्षे टिकले. चीनमधले बहुसंख्य लोक आजही स्वतःला हान म्हणवतात, ते नाव या घराण्यामुळेच रूढ झाले.

गादीवर आल्यावर या सम्राटाने आपले निम्म्याहून अधिक राज्य भाऊ, पुतण्या आणि मुलगे यांना वाटून दिले. आज कोणी असे केले तर आपण घराणेशाही म्हणून मोकळे होऊ. लिऊ बांगच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर भागत नाही, कारण घरच्या माणसांचा त्याला फारसा लळा होता असे त्याच्या चरित्रात कुठे दिसत नाही.

त्याच्या वहिनीचीच गोष्ट घ्या. थोरला भाऊ लवकर वारला. लिऊ बांग वेळीअवेळी मित्रांना घेऊन वहिनीकडे जेवायला जाई. एकदा तिने वैतागून रश्शाचे पातेले पळीने खरवडून खडखड आवाज केला, म्हणजे रस्सा संपला असे वाटून पाहुणे उठावेत. पाहुणे गेले आणि याने आत जाऊन पाहिले तर पातेल्यात रस्सा शिल्लक! सम्राट झाल्यावर त्याने सगळ्या नात्यागोत्यात जहागिरी वाटल्या, पण या वहिनीच्या मुलाला काही देईना. म्हाताऱ्या वडिलांनी रदबदली केली तेव्हा म्हणाला की विसरलो नाही, त्याची आईच तशी वागली. शेवटी पुतण्याला जहागीर दिली, पण तिचे नाव असे ठेवले की त्याचा अर्थ रस्सा खरवडणारा असा व्हावा. इतक्या वर्षांचा राग त्याने सरकारी दप्तरात नोंदवून ठेवला.

युद्धाच्या काळात तर याहून भयंकर प्रसंग आले. इ.स.पू. २०५ मध्ये फंगछंग येथे प्रतिस्पर्धी शियांग यू याने त्याचा दारुण पराभव केला. रथातून पळताना वाटेत त्याला स्वतःचा मुलगा आणि मुलगी भेटली. त्यांना रथात घेतले, पण शत्रू जवळ येऊ लागला तसे रथ हलका करण्यासाठी त्याने दोघांनाही खाली ढकलले. सारथी शिआहौ यिंग याने उतरून मुलांना पुन्हा वर घेतले. असे अनेकदा झाले. त्याचे वडील आणि बायको तर शत्रूच्या हाती सापडली. पुढे शियांग यूने वडिलांना जिवंत शिजवण्याची धमकी दिली, तेव्हा लिऊ बांगने निरोप दिला की आपण दोघे शपथेने भाऊ झालो आहोत, म्हणजे माझा बाप तो तुझाही बाप. शिजवलाच तर एक वाटी मलाही पाठव. सुदैवाने म्हातारा वाचला. तेव्हा राज्य वाटण्यामागे नात्याचा उमाळा होता असे म्हणणे कठीण आहे.

मग कारण काय? त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

लिऊ बांगच्या आधी छिन घराण्याच्या पहिल्या सम्राटाने इ.स.पू. २२१ मध्ये सगळी राज्ये जिंकून चीन एकछत्री केला. त्याच्या दरबारात तेव्हा मोठा वाद झाला. दूरच्या यान, छी आणि छू या प्रदेशांवर राजपुत्रांना राजे नेमावे, एरवी ते सांभाळता येणार नाहीत, असे काही मंत्र्यांचे मत. ली स याने विरोध केला. पूर्वीच्या चौ राजांनीही भावाबंदांना राज्ये दिली होती, आणि दोनचार पिढ्यांनी तेच भाऊबंद एकमेकांच्या नरडीला लागले, असे त्याचे म्हणणे. सम्राटाला ते पटले. सगळ्या देशाचे ३६ जिल्हे झाले, जिल्ह्यांचे तालुके झाले, आणि प्रत्येक ठिकाणी राजधानीतून नेमलेला, बदलीपात्र, पगारी अधिकारी गेला. आमच्यासारख्याला ही व्यवस्था ओळखीची वाटते. कागदावर ती उत्तमच होती.

पण सम्राट इ.स.पू. २१० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी बंडे उसळली. लिऊ बांग स्वतः त्याआधीच फरारी झाला होता. सम्राटाच्या थडग्याच्या कामासाठी कैद्यांची तुकडी पोचवायची होती. वाटेत कैदी पळू लागले. पोचेपर्यंत एकही उरणार नाही आणि शिक्षा आपल्याला होणार हे ओळखून त्याने उरलेल्यांनाही सोडून दिले आणि डोंगरात गेला. बंडे झाली तेव्हा ते पगारी जिल्हाधिकारी कुठे मारले गेले, कुठे पळाले, कुठे स्वतःच बंडात सामील झाले. दुसऱ्या सम्राटाने आपली भावंडे आधीच ठार केलेली. राजघराण्याचा एकही माणूस असा नव्हता की जो आपल्या प्रदेशातून फौज घेऊन धावून येईल. एवढे बलाढ्य साम्राज्य पंधरा वर्षांत बुडाले. ते कसे बुडाले हे लिऊ बांगने तालुक्याच्या पातळीवरून पाहिले होते, आणि आमच्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या वागण्याची किल्ली इथे आहे.

शियांग यूशी चाललेल्या चार वर्षांच्या युद्धातली एक गोष्टही त्याच्या मनावर कोरली गेली असावी. त्याचा सर्वांत कर्तबगार सेनापती हान शिन याने पूर्वेकडचा छी प्रदेश जिंकला आणि पत्र पाठवले की इथले लोक बेभरवशाचे आहेत, तेव्हा मला छीचा प्रभारी राजा नेमावे. प्रभाराची मागणी कधी आणि कशी करावी हे सरकारी नोकराला वेगळे सांगायला नको. लिऊ बांग तेव्हा वेढ्यात अडकला होता. पत्र वाचून तो संतापला आणि शिव्या देऊ लागला. शेजारी बसलेल्या चांग लियांगने हळूच त्याच्या पायावर पाय दिला. याने लगेच सूर फिरवला: शूर माणसाने राजाच व्हावे, प्रभारी कशाला! आणि हान शिनला पूर्ण राजा केले. अशीच राजेपदे आणखी काही सरदारांना द्यावी लागली. फंग युए, यिंग बू हे त्यातले प्रमुख. म्हणजे राज्याची वाटणी नातेवाईकांपासून सुरू झाली नाही. जे लढून देत होते त्यांच्यापासून सुरू झाली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या वाचकांना सरंजामाचा हा व्यवहार लगेच कळेल.

सम्राट झाल्यावर या राजांची भीती वाटू लागली. प्रत्येकाजवळ स्वतःची फौज, स्वतःचा महसूल. इ.स.पू. २०१ मध्ये सहलीच्या निमित्ताने लिऊ बांग दक्षिणेकडे गेला, भेटीला आलेल्या हान शिनला त्याने तिथेच बांधले आणि खालच्या दर्जाचा सरदार करून राजधानीत नजरेखाली ठेवले. तेव्हा एका सल्लागाराने सांगितले की छी प्रदेश इतका मोठा आणि मोक्याचा आहे की तिथे सम्राटाच्या पोटच्या मुलाशिवाय कोणाला राजा नेमू नये. लिऊ बांगने त्याला भरघोस बक्षीस दिले, आणि थोरला मुलगा लिऊ फेइ सत्तरांहून अधिक नगरांच्या छी प्रदेशाचा राजा झाला. छीची बोली बोलणारे सगळे लोक त्याच्याच राज्यात घालावेत असाही हुकूम निघाला. हा तपशील आम्हाला महत्त्वाचा वाटतो. लोक अजून स्वतःला छीचे, छूचे, चावचे समजत होते. दूरच्या राजधानीतून आलेल्या अधिकाऱ्याला ते मानत नव्हते. आपला म्हणून एखादा राजा त्यांना हवा होता. लिऊ बांगने राजा दिला, पण आपल्या घरातला.

एक एक करून जुने राजे गेले. इ.स.पू. १९६ मध्ये हान शिनला सम्राज्ञी ल्यू हिने राजवाड्यात बोलावून मारले. लिऊ बांग तेव्हा मोहिमेवर होता. परत आल्यावर बातमी ऐकून त्याला आनंदही झाला आणि कीवही आली, असे इतिहासकार सिमा छियान याने नोंदवले आहे. फंग युए मारला गेला. ते पाहून आपली पाळी येणार या धास्तीने यिंग बूने बंड केले. जावई चावचा राजा होता, त्याच्या माणसांनी कट केला म्हणून त्याचेही राज्य गेले. अखेर सम्राटाने पांढरा घोडा बळी देऊन सरदारांकडून शपथ घेतली की लिऊ घराण्याबाहेरचा कोणी राजा झाला तर सर्वांनी मिळून त्याच्यावर चालून जावे. त्याच्या मृत्यूच्या वेळी दहा राज्ये होती: सात मुलांची, एक भावाची, एक पुतण्याची, आणि दक्षिणेला छांगशाचे एक छोटे राज्य तेवढे परक्या घराण्याचे. सम्राटाच्या थेट अंमलाखाली १५ जिल्हे राहिले.

नातेवाईक लायक होतेच असे नाही. दुसरा भाऊ लहानपणापासून कष्टाळू, वडिलांचा लाडका. त्याला उत्तरेकडचे ताइ राज्य दिले. श्युंगनू टोळ्या चालून येताच तो राज्य टाकून पळून आला. भाऊ म्हणून जीव वाचला, राजेपद गेले. पुढे नव्या राजवाड्यातल्या मेजवानीत लिऊ बांगने वडिलांना हसत विचारले की तुम्ही मला आळशी म्हणत होता, आता सांगा कोणाची मिळकत मोठी, माझी की त्याची? मुले तर बहुतेक लहान. लिऊ हेंग राजा झाला तेव्हा सातआठ वर्षांचा होता. म्हणून प्रत्येक राज्यात मुख्य मंत्री राजधानीतून नेमलेला असे. छीमध्ये छाव शन याच्यासारखा जुना लढवय्या होता. राजा घरचा आणि कारभारी सरकारचा, असा तो मेळ होता. खालचे अधिकारी मात्र राजा स्वतः नेमी, महसूलही तोच घेई. घोटाळा पुढे तिथेच झाला.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत जास्त चटका लावणारा माणूस म्हणजे लू वान. लिऊ बांग आणि तो एकाच गावचे, एकाच दिवशी जन्मलेले. गावाने दोन्ही घरी दारू आणि मांस पाठवून तो दिवस साजरा केला होता. दोघे एकत्र शिकले, फरारी असतानाही लू वान त्याच्याबरोबर होता, सम्राटाच्या शेजघरापर्यंत त्याला मुभा होती. मैत्रीखातर त्याला यान प्रदेशाचा राजा केले. पण एकेक राजा मारला जाताना पाहून लू वान घाबरला, श्युंगनूंशी आतून संधान बांधून बसला, आणि बोलावणे आले तेव्हा आजारी म्हणून गेला नाही. फौज आली तेव्हा तो बायकामुले घेऊन सरहद्दीवर थांबला. सम्राट आजारी आहे, बरा झाला की स्वतः जाऊन क्षमा मागू, या आशेवर. लिऊ बांग बरा झाला नाही. यिंग बूविरुद्धच्या लढाईत त्याला बाण लागला होता; परतताना तो आपल्या गावी थांबला, जुन्या मंडळींबरोबर प्याला, १२० मुलांना गाणे शिकवून गायला लावले आणि स्वतः नाचता नाचता रडला. राजधानीत आल्यावर वैद्याला हात लावू दिला नाही. इ.स.पू. १९५ मध्ये तो वारला. बातमी कळताच लू वान सरहद्द ओलांडून गेला आणि वर्षभरात परमुलखातच मेला. त्याची जागा सम्राटाच्या धाकट्या मुलाला आधीच दिली गेली होती.

पुढे काय झाले ते थोडक्यात. सम्राज्ञी ल्यूने आपल्या माहेरच्यांना राजे केले आणि लिऊ बांगच्या इतर राण्यांच्या मुलांपैकी तिघांचा बळी घेतला. तीही नातेवाईकच होती, पण शपथेत तिचा विचार झाला नव्हता. ती इ.स.पू. १८० मध्ये वारली तेव्हा छीच्या राजाने, म्हणजे लिऊ बांगच्या नातवाने, फौज उभी केली, राजधानीत जुने सरदार उठले आणि ल्यू मंडळींचा नायनाट झाला. ताइ राज्यातून लिऊ हेंगला आणून गादीवर बसवले. तोच सम्राट वन, चीनच्या इतिहासातला एक अत्यंत साधा आणि चांगला राजा. छिन घराण्याला जे मिळाले नाही ते इथे मिळाले.

पण ली सचे म्हणणेही खरे ठरायचे होते. ताइहून पळालेल्या त्या भावाचा मुलगा लिऊ पी हा वूचा राजा होता. तांब्याच्या खाणी आणि मीठ यांवर तो गबर झाला. त्याचा मुलगा राजधानीत युवराजाबरोबर पटाचा खेळ खेळत असताना भांडण झाले आणि युवराजाने पट फेकून मारला. मुलगा जागीच गेला. तोच युवराज सम्राट चिंग झाला आणि राजांची नगरे काढून घेऊ लागला, तेव्हा इ.स.पू. १५४ मध्ये बासष्ट वर्षांच्या लिऊ पीने सहा राजांना घेऊन बंड केले. सातही लिऊ घराण्याचे. तीन महिन्यांत बंड मोडले.

इ.स.पू. १२७ मध्ये सम्राट वू याने नवा नियम केला की राजाची जमीन एकट्या थोरल्याला न जाता सगळ्या मुलांत वाटली जावी. धाकट्या मुलांना तो अर्थातच आवडला. कुळकायद्याने किंवा वाटणीने शेताचे तुकडे होताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. गरीब राजे बैलगाडीतून फिरू लागले. अशाच एका तुकड्या झालेल्या शाखेतला लिऊ शिऊ हा नानयांग भागात शेती करीत असे, आणि हान गादी दुसऱ्याने बळकावली तेव्हा इ.स. २५ मध्ये त्यानेच ती पुन्हा उभी केली.