भारत मोजायला निघालेला माणूस हिंगणघाटात विसावलाय!

अमळनेर परिसराचा टोपोशीट नकाशा कधी पाहिलाय? टेकड्या, नाले, गावं, सगळं जागच्या जागी! भारतातल्या अशा नकाशांचा पाया घातला विल्यम लॅम्ब्टन यांनी.

१० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ त्यांनी पहिली रेषा मोजायला घेतली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन मोजले की उरलेली अंतरं गणितानं निघतात. असे त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकले. सोबत अर्ध्या टनाचं थिओडोलाइट! १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आदळलं, तर त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं.

नागपूरकडे जाताना, जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. काम पुढे नेलं जॉर्ज एव्हरेस्ट यांनी. शिखराला नाव एव्हरेस्टचं मिळालं; लॅम्ब्टन यांची कबर मात्र आपल्या वर्धा जिल्ह्यात आहे.