श्रीमंत सयाजीराव महाराज व त्यांचीं वाचनालयें

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपण बहुधा त्यांचे पराक्रम, त्यांची संपत्ति आणि त्यांस मिळालेले मानसन्मान यांकडेच पाहतों. परंतु कांहीं पुरुष असे होऊन गेले कीं, त्यांचे राजवाडे लोक पाहून विसरतात, आणि त्यांनीं लोकांसाठीं उघडलेलें एखादें दार मात्र पिढ्यान् पिढ्या उघडें राहतें. बडोद्याचे महाराज श्रीमंत सयाजीराव गायकवाड, तिसरे, हे अशा पुरुषांपैकीं एक होत. त्यांच्या राज्यकारभाराचा सर्व इतिहास सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांनीं आपल्या प्रजेच्या हातीं पुस्तक कसें दिलें, आणि गोष्टीचें व कादंबरीचें पुस्तक लहानथोरांस सहज सांपडावें अशी सोय त्यांच्या वाचनालयांत कशी झाली, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

महाराजांचा जन्म मार्च १८६३ मध्यें नाशिक जिल्ह्यांत मालेगांवजवळील कवळाणें या लहानशा खेड्यांत झाला. त्यांचें मूळचें नांव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेंतले. परंतु राजवैभवाचा त्या घरास गंधहि नव्हता. शेतीवर संसार चाले. १८७५ सालीं बडोद्याचे मल्हारराव महाराज पदच्युत झाले, आणि कैलासवासी खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाईसाहेब यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्यांतील जीं मुलें निवडीसाठीं बडोद्यास नेण्यांत आलीं, त्यांत गोपाळराव होते. २७ मे १८७५ रोजीं दत्तकविधान होऊन ते सयाजीराव झाले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें बारा वर्षांचें होतें, आणि अक्षरांशीं त्यांची ओळख जवळजवळ नव्हतीच.

बालमित्रांनो, ही गोष्ट नीट ध्यानांत घ्या. तुमच्यापैकीं बहुतेकांस सहाव्या-सातव्या वर्षींच वाचतां येऊं लागलें. या मुलास बाराव्या वर्षीं धुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला, आणि तोहि सर्व दरबाराच्या डोळ्यांदेखत! राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते, आणि शिक्षणासाठीं इलियट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक झाली होती. मराठी, गुजराथी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास या राजपुत्रानें थोड्या वर्षांत केला. २८ डिसेंबर १८८१ रोजीं राज्याचीं सूत्रें त्याच्या हातीं आलीं, तेव्हां कवळाण्याचा तो निरक्षर मुलगा वाचनाचा व्यासंगी झाला होता. ज्यास विद्या उशिरा लाभते त्यास तिची किंमत अधिक कळते, असें आम्हांस वाटतें. महाराजांचें पुढील आयुष्य या विधानास साक्ष आहे.

१८९३ सालीं काठेवाडांतील अमरेली तालुक्यांत महाराजांनीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें, आणि १९०६ सालीं तें सर्व राज्यांत लागू केलें. त्या काळच्या हिंदुस्थानांत हें फार धाडसाचें पाऊल होतें. परंतु शाळा काढल्यानें काम संपत नाहीं. शेतकऱ्याचा मुलगा चार इयत्ता शिकतो, शाळा सोडून नांगरास लागतो, घरांत छापील कागद नसतो, आणि चार-पांच वर्षांत तो शिकलेलीं अक्षरेंहि विसरतो. मग शाळेवर केलेला खर्च व मुलानें केलेले श्रम दोन्ही पाण्यांत जातात. शाळेंत पेटविलेला दिवा विझूं न देण्यास गांवोगांव तेल पाहिजे. तें तेल म्हणजे वाचनालय, हें महाराजांनीं ओळखलें.

१९०६ सालीं महाराज अमेरिकेस गेले होते. तेथील सार्वजनिक वाचनालयें त्यांच्या नजरेंत भरलीं. मजूर, गृहिणी, शाळकरी मुलें, सर्व कांहीं न देतां आंत येतात, पुस्तक घरीं नेतात आणि परत आणून देतात, हें दृश्य त्यांस आपल्या राज्यांत पाहावयाचें होतें. म्हणून १९१० सालीं त्यांनीं विल्यम बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणिलें. बॉर्डन हे चार्ल्स कटर या नामांकित ग्रंथपालाच्या हाताखालीं तयार झालेले. कटर यांनीं १८७६ सालीं ग्रंथसूचीचे नियम प्रसिद्ध केले होते. वाचकास ग्रंथकाराचें नांव ठाऊक असो, पुस्तकाचें नांव ठाऊक असो कीं नुसता विषय ठाऊक असो, तिहींपैकीं कोणत्याहि एका वाटेनें त्यास पुस्तकापर्यंत पोंचतां आलें पाहिजे, हें त्या नियमांचें सार होय. हें सार बॉर्डन यांच्याबरोबर बडोद्यास आलें.

बॉर्डन तीनच वर्षें राहिले. परंतु तेवढ्या अवधींत मोठें काम उभें राहिलें. महाराजांनीं राजवाड्यांतील आपला सुमारे २० हजार पुस्तकांचा खासगी संग्रह लोकांच्या स्वाधीन केला, आणि त्यावर बडोद्याचें मध्यवर्ती वाचनालय रचलें गेलें. स्त्रियांसाठीं निराळें वाचनालय निघालें. मुलांसाठीं स्वतंत्र दालन झालें. त्यांत चित्रांचीं पुस्तकें होतीं, आणि खेळहि होते. १९११ सालीं ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. हिंदुस्थानांतील अशा वर्गांत हा पहिला मानला जातो. १९१२ सालीं वाचनालयांच्या कार्यासाठीं इंग्रजी, गुजराथी आणि मराठी या तीन भाषांत एक त्रैमासिक निघूं लागलें.

खेड्यांसाठीं केलेली योजना तर फारच मार्मिक होती. गांवकऱ्यांनीं एक हिस्सा वर्गणी जमविली कीं तेवढाच एक हिस्सा प्रांत पंचायत देई आणि तेवढाच एक सरकार देई. त्यामुळें वाचनालय सरकारचें न वाटतां गांवाचें वाटे. या कामास गुजराथेंत पूर्वींच वाट मिळाली होती. मोतीभाई अमीन या शिक्षकानें मित्रमंडळें स्थापून १९०६ पासून वाचनाचा प्रसार चालविला होता, आणि पुढें ते राज्याच्या या खात्यांत काम करूं लागले. जेथें वाचनालय नव्हतें तेथें पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या पाठविण्यांत येत. गांवांतील लोकांनीं पुस्तकें वाचावीं, मुदत संपली कीं पेटी परत करावी, आणि दुसरी मागवावी. महाराजांच्या कारकीर्दीच्या अखेरपर्यंत राज्यांत शेंकडों खेड्यांतून वाचनालयें झालीं होतीं.

आतां एक प्रश्न येतो, आणि तो आमच्या अनेक पालकांच्याहि मनांत असेल. ह्या कपाटांत व पेट्यांत कोणतीं पुस्तकें असावींत? शेतीचीं, आरोग्याचीं, धर्माचीं, इतिहासाचीं असावींत याविषयीं कोणाचा वाद नाहीं. परंतु कादंबऱ्या? सरकारी पैशानें लोकांस कल्पित गोष्टी वाचावयास द्याव्या काय? हा वाद इंग्लंड-अमेरिकेंतील ग्रंथपालांतहि पुष्कळ वर्षें चालला होता. कादंबरी वाचून तरुणांचीं मनें बिघडतात, वेळ वायां जातो, असें पुष्कळांस वाटे. आणि वाचनालयांत येणारे बहुसंख्य लोक तर कादंबरीच मागत.

आमचें मत या बाबतींत स्पष्ट आहे. नुकतीच अक्षरें शिकलेल्या मनुष्याच्या हातीं प्रथमच जड ग्रंथ दिला तर तो पुस्तकास नमस्कार करून ठेवून देईल. गोष्ट मात्र त्यास पान उलटावयास लावते, आणि पान उलटतां उलटतां वाचनाची संवय जडते. शिवाय कादंबरी म्हणजे केवळ करमणूक असें म्हणणें अन्यायाचें आहे. मराठींतील आरंभीची कादंबरी म्हणून जी ओळखली जाते ती बाबा पदमनजी यांची यमुनापर्यटन, १८५७ सालची. ती विधवांच्या दुःखाविषयीं आहे. महाराजांच्या जन्मानंतर एकच वर्षानें, मार्च १८६४ मध्यें, खानदेशांतील पारोळें येथें हरि नारायण आपटे जन्मले. त्यांनीं आपल्या सामाजिक कादंबऱ्यांतून घरांतील मुलीबाळींचे हाल वाचकांसमोर मांडले, आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांतून शिवकाल जिवंत केला. गुजराथींत गोवर्धनराम त्रिपाठी यांची सरस्वतीचंद्र ही चार भागांची कादंबरी १८८७ ते १९०१ या काळांत निघाली. दुसऱ्याच्या अंतःकरणांत शिरून पाहण्यास शिकविणारीं अशीं पुस्तकें वाचनालयांतून काढून टाकलीं तर मागें काय उरेल?

महत्त्वाची गोष्ट ही कीं, कादंबरी वाचनालयांत असून भागत नाहीं. ती सांपडली पाहिजे. जुन्या पद्धतींत कपाटांस कुलपें असत, आणि वाचकानें यादींतील नांव कागदावर लिहून कारकुनाकडे द्यावें लागे. ज्यास कोणतेंच नांव ठाऊक नाहीं तो रिकाम्या हातानें परते. बॉर्डन यांनीं बडोद्यांत मुक्तद्वार पद्धति आणली. वाचकानें स्वतः कपाटापाशीं जावें, पुस्तक उघडावें, दोन पानें चाळावीं आणि मग निवडावें. नवख्या वाचकास याहून मोठा मान कोणता?

कादंबऱ्या लावण्याची सार्वजनिक वाचनालयांतील रीतहि आमच्या विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावी. शास्त्रीय ग्रंथ विषयवार लावतात. कादंबऱ्या मात्र सामान्यतः ग्रंथकाराच्या आडनांवाच्या अक्षरक्रमानें लावतात. म्हणजे हरि नारायण आपटे यांची कादंबरी ह या अक्षराखालीं न पाहतां आ या अक्षराखालीं पाहावी. याचा लाभ असा कीं, एका ग्रंथकाराचें एक पुस्तक आवडलें तर त्याचीं इतर पुस्तकें शेजारींच उभीं असतात. पुस्तकाचें नांव तेवढें आठवत असेल तर सूचीपत्रांत तें नांव पाहावें, म्हणजे ग्रंथकार कळतो. कांहींच आठवत नसेल, फक्त गड-किल्ल्यांची गोष्ट हवी किंवा समुद्रप्रवासाची हवी एवढेंच मनांत असेल, तर ग्रंथपालांस तसें विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. बाराव्या वर्षीं मुळाक्षरें विचारून घेणाऱ्या मुलानेंच हें सर्व निर्माण केलें, हें विसरूं नये.

पालकांसहि आमची एक विनंती आहे. मुलांचें दालन निराळें असतें तें त्यांच्या वयास जुळेल तें सांपडावें म्हणून. त्यांस तेथें कोंडून ठेवण्यासाठीं नव्हे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मोठ्यांच्या कपाटाकडे वळूं लागली तर रागावूं नका. तिनें आणलेली कादंबरी आपणहि वाचा, आणि जेवतांना तिच्याशीं त्या पुस्तकाविषयीं बोला. मनाई केलेलें पुस्तक उशीखालीं जातें; घरांत बोललें गेलेलें पुस्तक मनुष्यास शहाणें करतें.

महाराजांची स्तुति करतांना सत्याकडे पाठ फिरविणें योग्य होणार नाहीं. १९१३ सालीं त्यांनीं भीमराव आंबेडकर या तरुणास शिष्यवृत्ति देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें. मोठी विद्या संपादून ते १९१७ सालीं राज्याच्या नोकरीसाठीं बडोद्यास आले, तेव्हां जातीमुळें त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहांत आसरा घेतला, तेथूनहि त्यांस बाहेर काढण्यांत आलें, आणि ते बडोदें सोडून गेले. वाचनालयाचें दार राजाज्ञेनें सर्वांस उघडतां येतें; घराचें आणि मनाचें दार आज्ञेनें उघडत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच आंतून उघडावें लागतें. चांगली गोष्ट वाचतांना आपण क्षणभर दुसऱ्याच्या जागीं उभे राहतों, आणि तें दार किंचित् किलकिलें होतें. आमच्या मतें गोष्टींच्या पुस्तकांचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. परंतु पुढचें काम वाचकाचें आहे. पुस्तक तें करूं शकत नाहीं.

१९३१ सालीं बडोद्याच्या मांडवी भागांत मध्यवर्ती वाचनालयाची नवी इमारत झाली. तिच्या पुस्तकांच्या मजल्यांस काचेच्या फरशा बसविल्या आहेत, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत पोंचावा. ६ फेब्रुवारी १९३९ रोजीं महाराज मुंबई येथें निवर्तले. १९४९ सालीं बडोदें राज्य मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि त्याच वर्षीं तेथें महाराजांच्या नांवाचें विद्यापीठ स्थापन झालें. राज्य गेलें, परंतु तें वाचनालय आजहि चालू आहे. वाचनालय ही लोकांच्या हक्काची वस्तु आहे, हा विचारहि पुढें पसरला. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला, आणि १९६७ सालीं महाराष्ट्र राज्यानें आपला कायदा केला. आपल्या गांवांतील वाचनालयास जें अनुदान मिळतें तें या दुसऱ्या कायद्याच्या आधारें.

विद्यार्थी मित्रांनो, वार्षिक परीक्षा संपून सुटी लागली कीं पाठ्यपुस्तकें बाजूस पडतील. तीं पडोत, त्यांनाहि विश्रांति हवी. परंतु वाचन बाजूस पडूं देऊं नका. आपल्या गांवच्या सार्वजनिक वाचनालयांत जा, आईवडिलांसहि बरोबर न्या, आणि एक पुस्तक त्यांच्यासाठीं व एक आपल्यासाठीं निवडा. निवड चुकली तर पुस्तक परत करून दुसरें घ्या. कवळाण्याच्या मुलास जें बारा वर्षें मिळालें नाहीं, तें आज तुमच्या घरापासून चार पावलांवर आहे. तें दार तुम्ही ढकलावें, इतकेंच बाकी आहे.