जयप्रकाश नारायण

जयप्रकाश नारायण (११ ऑक्टोबर १९०२ – ८ ऑक्टोबर १९७९) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी विचारवंत व सर्वोदयी नेते होते. ते ‘लोकनायक’ आणि ‘जेपी’ या नावांनी ओळखले जातात. ते हयात असतानाच मार्च १९७९ मध्ये त्यांच्या निधनाची घोषणा संसदेत झाली होती.

जीवन

त्यांचा जन्म सिताब दियारा या गावी झाला. १९२२ ते १९२९ या काळात त्यांनी अमेरिकेत मिळेल ते काम करत शिक्षण घेतले. सविनय कायदेभंगाच्या काळात नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, मिनू मसानी आदींशी त्यांचा विचारविनिमय झाला. त्यातूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष आकारास आला. नोव्हेंबर १९४२ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून निसटून ते भूमिगत झाले. १९५४ मध्ये त्यांनी भूदान चळवळीसाठी जीवनदानाचा संकल्प केला, तर १९७४ मध्ये पाटण्यात संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर होताच त्यांना अटक झाली. वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्याने अटकेतील नेत्यांच्या बातम्या मोकळेपणाने छापता येत नव्हत्या. बंदिवासात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि पुढील आयुष्य त्यांना डायलिसिसच्या आधाराने काढावे लागले. १९७७ मध्ये त्यांच्याच प्रेरणेने जनता पक्षाची स्थापना झाली व तो पक्ष सत्तेवर आला.

निधनाची चुकीची घोषणा

मार्च १९७९ मध्ये ते जसलोक रुग्णालयात अत्यवस्थ होते. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी दिल्लीत त्यांच्या निधनाची घोषणा केली. संसदेचे कामकाज तहकूब झाले, आकाशवाणीने नेहमीचे कार्यक्रम थांबवले, शाळा व दुकाने बंद झाली. रुग्ण मुंबईत जिवंत असताना, खातरजमा होण्यापूर्वीच बातमी देशभर पसरली होती. घोषणा सर्वोच्च पदावरून झाल्याने ती पडताळून पाहण्याची गरज भासली नाही. काही वेळातच चूक उघड झाली. काही आठवड्यांनी हा प्रकार कळल्यावर ते केवळ हसले, असे तत्कालीन वृत्तांतात नमूद आहे.

आणीबाणीत त्यांच्याविषयीचे सत्य नियंत्रणामुळे दडले होते. मुक्त वृत्तव्यवहाराच्या काळात त्यांच्याविषयीचे असत्य अधिकृत माहिती म्हणून प्रसृत झाले.

निधन

८ ऑक्टोबर १९७९ रोजी, ७७व्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, पाटणा येथे त्यांचे निधन झाले. तोवर देसाई यांचे सरकारही पडले होते. १९९९ मध्ये जयप्रकाशांना मरणोत्तर भारतरत्न प्रदान करण्यात आले.