स्वतःचे जुलाब तपासणारे लेव्हेनहूक

माझ्याकडे इंजिनीअरिंगची डिग्री आहे. अँटनी व्हॅन लेव्हेनहूक (१६३२-१७२३) यांच्याकडे कुठलीच नव्हती! नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातले हे कापड व्यापारी स्वतःच भिंगं बनवायचे. १६८१ मध्ये त्यांना जुलाब झाले, तर त्यांनी आपली विष्ठाच भिंगाखाली पाहिली. त्यात सूक्ष्म जीव पोहत होते. अभ्यासक त्यांना आज जिआर्डिया मानतात.

दूषित पाण्यातून त्याची कवचबंद पेशी पोटात जाते. आतड्यात कवच फुटतं, मग एकाचे दोन, दोनाचे चार. ही वाढ लेव्हेनहूक यांना ठाऊक नव्हती. जे दिसलं ते त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. भिंगाची उत्तम रीत मात्र गुपितच ठेवली. म्हणून मला ओपन सोर्स जास्त पटतं.