एका वादळात वीस खांब आडवे, तरी रेंज पोचवली: रेडिओवाल्या मार्कोनींची गोष्ट

गावात नवीन टॉवर उभा राहिला की पहिला प्रश्न हाच, रेंज कुठपर्यंत येणार? हाच प्रश्न १८९५ साली इटलीतल्या एका विशीतल्या पोराला पडला होता. नाव गुग्लिएल्मो मार्कोनी. तारेविना निरोप पाठवायचा तर खांब किती उंच पाहिजे, आणि तो वाऱ्यात टिकणार कसा, या दोन गोष्टींनी त्यांना पुढे चांगलंच दमवलं.

घरच्या माडीवर प्रयोग

मार्कोनींचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी बोलोन्या शहरात झाला. वडील जमीनदार, आई आयर्लंडची. विद्यापीठात रीतसर शिक्षण झालं नाही. बोलोन्याजवळ पोंतेक्किओ गावात त्यांचं घर होतं. घराच्या ज्या माडीवर पूर्वी रेशीम किडे पाळत, तिथंच पोरानं प्रयोग मांडले.

विजेच्या लहरी हवेतून जातात हे हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं आधीच दाखवलं होतं. पण त्या लांब जात नव्हत्या. मार्कोनींनी यंत्राचं एक टोक जमिनीत गाडलं, म्हणजे आपण म्हणतो ते अर्थिंग केलं, आणि दुसरं टोक खांबावर चढवलं. खांबाच्या शेंड्यावर पत्र्याचा फूटभर डबा. खांब २ मीटर, तर निरोप ३० मीटर गेला. ४ मीटर केला, तर १०० मीटर. ८ मीटर केला, तर ४०० मीटर. डबा मोठा, मीटरभराचा केला तेव्हा २,४०० मीटर! उंची दुप्पट केली की पल्ला तिप्पट-चौपट वाढतो, हे गणित हाती लागलं. टेकडीपलीकडे निरोप पोचला हे कळावं म्हणून तिकडून भावानं बंदुकीचा बार काढला.

इंग्लंड आणि मोठी उडी

१८९६ साली मार्कोनी इंग्लंडला गेले. तिथल्या टपाल खात्याचे मुख्य अभियंता प्रीस यांनी साथ दिली. १८९७ साली कंपनी निघाली, १८९९ साली इंग्लंड-फ्रान्समधली खाडी ओलांडून निरोप गेला. मग मार्कोनींनी थेट अटलांटिक महासागर ओलांडायचं ठरवलं.

त्यासाठी इंग्लंडच्या टोकाला पोल्ढू इथं समुद्राकाठी २० खांब गोलाकार उभे केले. प्रत्येक खांब २०० फुटांचा. अमेरिकेच्या किनाऱ्यावर केप कॉड इथंही तसेच २०. पण मांडणीत खोट होती. खांबांचे शेंडे एकमेकांना तारेनं जोडलेले, आणि एकटा खांब उभा राहील असे चहूबाजूंचे ताण प्रत्येकाला नव्हते. केप कॉडचं काम पाहणाऱ्या व्हिव्हियन या अभियंत्यानं हे धोक्याचं आहे असं बजावलं होतं. कुणी ऐकलं नाही.

१७ सप्टेंबर १९०१ ला पोल्ढूला वादळ झालं आणि सगळे खांब कोसळले. नोव्हेंबरात केप कॉडचेही गेले. द्राक्षबागवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. कडेचा ताण सुटला की एक खांब दुसऱ्याला ओढतो आणि अख्खा मांडव बसतो.

आपल्याकडं शाळेवर, ग्रामपंचायतीवर, घरावर इंटरनेटचे खांब उभे राहतात, तिथंही हेच बघायचं. खांबाला निदान तीन दिशांना ताण हवेत, प्रत्येक ताणाचा खुंट वेगळा आणि पक्का हवा. शेजारच्या खांबाला किंवा झाडाला ताण बांधू नये. खांब पडला तर त्याच्या उंचीइतक्या अंतरात विजेची लाईन येऊ नये. आणि अर्थिंग विसरू नये.

पतंगावर काम भागवलं

मार्कोनी रडत बसले नाहीत. पोल्ढूला सुमारे १५० फुटांचे दोनच खांब घाईनं उभे केले आणि मधे पंख्यासारख्या तारा सोडल्या. पलीकडं खांब उभारायला वेळ नव्हता. म्हणून ते दोन मदतनीस घेऊन न्यूफाउंडलंडला गेले आणि तार वर न्यायला फुगे व पतंग वापरले. वाऱ्यानं आधी फुगा नेला, मग एक पतंग नेला. दुसऱ्या पतंगानं साधारण ५०० फूट तार वर धरली. १२ डिसेंबर १९०१ ला पोल्ढूहून आलेले तीन ठिपके ऐकू आल्याचं मार्कोनींनी जाहीर केलं. खरंच ऐकू आले का, यावर जाणकार अजून वाद घालतात. पण पुढच्या वर्षी पोल्ढूला आणि कॅनडात २०० फुटांवर उंचीचे चार-चार लाकडी मनोरे उभे राहिले, प्रत्येक आपल्या पायावर. डिसेंबर १९०२ मध्ये कॅनडाहून इंग्लंडला पूर्ण निरोप गेला आणि शंकेला जागा उरली नाही.

१९०९ साली ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर त्यांना नोबेल मिळालं. १९१२ साली टायटॅनिक बुडताना वायरलेसवरून हाक गेली, म्हणून सातशेच्या आसपास माणसं वाचली.

दौंडपर्यंत पोचलेली लहर

पुढं मार्कोनी आखूड लहरींकडे वळले. या लहरी एकाच दिशेनं झोतासारख्या सोडता येतात, वीजही कमी लागते. त्याच पद्धतीनं १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान जोडले गेले. निरोप पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकीला, आणि घ्यायचं केंद्र आपल्या दौंडला!

आयुष्याची एक बाजू मात्र काळी. मार्कोनी मुसोलिनीच्या पक्षात गेले आणि शेवटपर्यंत त्या राजवटीचा मान मिरवत राहिले. हेही लिहिलंच पाहिजे.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर अनेक देशांतल्या रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण बंद ठेवून त्यांना श्रद्धांजली वाहिली.