विरळ हवेचे कोडे उलगडणारे पॉल बेर

उंच पर्वतावर चढणाऱ्या माणसाला धाप लागते, मळमळते, डोके ठणकते. एकोणिसाव्या शतकात या त्रासाचे कारण कोणी घटलेल्या दाबाला, कोणी थकव्याला, तर कोणी डोंगरातील विषारी वाफांना लावत असे. या वादाचा निकाल प्रयोगांच्या आधारे लावला तो फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी.

बेर यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८३३ रोजी फ्रान्समधील ओसेर येथे झाला. कायद्याच्या शिक्षणानंतर ते विज्ञानाकडे वळले आणि क्लोद बेर्नार यांचे शिष्य झाले. १८६९ मध्ये ते सोर्बोन येथे प्राध्यापक झाले.

मेक्सिकोच्या पठारावर वैद्यकी केलेले डॉक्टर जुर्दाने यांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी प्रयोगशाळेत हवाबंद लोखंडी कोठड्या उभारल्या. कोठडीतील हवा पंपाने काढून ते स्वतः आत बसत. दाब घटला की नाडी जलद होई, मळमळ सुरू होई. ऑक्सिजन हुंगताच आराम पडे. सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण बदलत नाही, मात्र दाब निम्मा झाल्याने प्रत्येक श्वासात तो निम्माच मिळतो. खरा घात ऑक्सिजनच्या टंचाईने होतो, हे बेर यांनी सिद्ध केले.

१८७४ मध्ये सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली या बलूनवीरांनी बेर यांच्या कोठडीत सराव केला आणि ऑक्सिजन घेऊन सात हजार मीटरपलीकडे यशस्वी उड्डाण केले. पुढच्या वर्षी, १५ एप्रिल १८७५ रोजी, ते तिसांदिए यांच्यासह ‘झेनिथ’ बलूनमधून निघाले. सोबतचा ऑक्सिजन अपुरा असल्याचा इशारा देणारे बेर यांचे पत्र वेळेवर पोहोचले नाही. साठा पुरवून वापरण्याच्या विचारात ते वर चढत राहिले आणि नळी तोंडाशी नेण्याआधीच हातांतील शक्ती गेली. आठ हजार मीटरपेक्षा अधिक उंची गाठलेल्या त्या बलूनमधून केवळ तिसांदिए जिवंत परतले.

१८७८ मध्ये बेर यांचा वायुदाबावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. अतिरिक्त ऑक्सिजनही विषारी ठरतो, हेही त्यांनीच दाखवले. १८८१ मध्ये ते फ्रान्सचे शिक्षणमंत्री झाले. ११ नोव्हेंबर १८८६ रोजी हनोई येथे फ्रान्सचे प्रतिनिधी असताना त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या महायुद्धात वैमानिक अतिउंचीवर झेपावू लागले, तेव्हा १९४३ मध्ये त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्या वेळी ग्रंथ ६५ वर्षांचा होता. त्यातील निष्कर्ष मात्र जुने झाले नव्हते.