विश्लेषण : यंत्रयुगात हातमागावर बसलेले विल्यम मॉरिस कोण होते? ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीसमोरचा पेच कोणता होता?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीचा अभ्यास विल्यम मॉरिस यांच्यापासूनच सुरू करावा लागतो. वेलबुट्टीच्या वॉलपेपरसाठी ते आज ओळखले जातात. पण सुंदर वस्तू श्रीमंतांच्याच घरात का असाव्यात, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिला.

जडणघडण कशी झाली?

मॉरिस यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो येथे झाला. वडील लंडनच्या पेढीत दलाल होते. डेव्हन परगण्यातील तांब्याच्या खाणीच्या समभागांनी कुटुंबाला श्रीमंत केले. वडील १८४७ मध्ये वारले, तरी वयाच्या २१ व्या वर्षी मॉरिस यांना वर्षाला ९०० पौंडांचे उत्पन्न मिळू लागले. पुढचे सारे प्रयोग त्यांना परवडले ते या पैशामुळे. धर्मोपदेशक होण्यासाठी ते १८५३ मध्ये ऑक्सफर्डला गेले. तिथे एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्मभराचा मित्र भेटला आणि जॉन रस्किन यांचे लेखन वाचनात आले. मध्ययुगीन कारागिराला कामात आनंद होता, कारखान्याने तो हिरावला, हा रस्किन यांचा विचार मॉरिस यांच्या मनात ठसला. १८५५ मध्ये फ्रान्समधील जुनी चर्चे पाहून आल्यावर त्यांनी धर्मोपदेशक होण्याचा बेत सोडला. वास्तुरचनाकाराच्या कचेरीतील उमेदवारीही वर्षभरातच संपली.

कंपनी कशी उभी राहिली?

१८५९ मध्ये त्यांनी तबेल्यात काम करणाऱ्या माणसाच्या मुलीशी, जेन बर्डन यांच्याशी विवाह केला. मित्र फिलिप वेब यांनी त्यांच्यासाठी लंडनबाहेर ‘रेड हाऊस’ बांधले. घर तयार झाले, पण त्यात ठेवण्याजोगे सामान बाजारात मिळेना. तेव्हा मित्रमंडळींनी भिंती रंगवल्या, पडदे भरले, टेबल-खुर्च्या घडवल्या. या उद्योगातूनच १८६१ मध्ये कंपनी सुरू झाली. रंगीत काचा, लाकूडकाम, वॉलपेपर, कापड अशी कामे ती घेऊ लागली. १८७५ मध्ये मॉरिस तिचे एकटे मालक झाले.

कारागिरी ते कशी शिकले?

कागदावर नक्षी काढून ती कारागिराच्या हाती सोपवणे त्यांना मान्य नव्हते. जे करवून घ्यायचे ते आधी स्वतः शिकायचे, ही त्यांची पद्धत होती. त्या काळात रासायनिक रंगांनी वनस्पतिजन्य रंगांना जवळपास हद्दपार केले होते. पण त्यातले बरेच रंग उन्हात उडत. १८७५ पासून मॉरिस स्टॅफर्डशायरमधील लीक गावी थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत जाऊ लागले. जुने ग्रंथ वाचून त्यांनी नीळ, मंजिष्ठाची मुळे, अक्रोडाची मुळे यांचे प्रयोग केले. त्या दिवसांत त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असत. १८७९ मध्ये त्यांनी झोपण्याच्या खोलीत माग मांडला आणि पहाटे उठून पहिली टॅपेस्ट्री विणली. तिला ५०० हून अधिक तास लागले.

१८८१ मध्ये लंडनजवळ वांडल नदीकाठी मर्टन ॲबी येथे त्यांनी कारखाना हलवला. रंग धुण्यासाठी तिथले पाणी उत्तम होते. ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे १८८३ चे प्रसिद्ध कापड तिथलेच. बागेतल्या स्ट्रॉबेरी पळवणारे पक्षी त्यावर आहेत. आधी संपूर्ण कापड निळीत बुडवायचे, मग हवे तिथला निळा रंग ठशांनी काढून पांढरा किंवा फिका निळा भाग मिळवायचा आणि त्यावर लाल व पिवळा रंग छापायचा. या साऱ्याला कित्येक दिवस लागत. साहजिकच ते त्यांच्या सर्वात महागड्या छापील कापडांपैकी एक ठरले.

पेच कोणता होता?

हाताने केलेल्या वस्तूला वेळ लागतो. कारागिराला योग्य मजुरी द्यायची तर किंमत वाढते आणि गिऱ्हाईक श्रीमंतच उरते. मॉरिस यांनी यंत्र सरसकट नाकारले नव्हते. त्यांच्या नक्षीचे काही गालिचे यंत्रमागावरही विणले गेले. पण दोष केवळ यंत्राचा नाही, माणसाला यंत्राचा भाग करणाऱ्या व्यवस्थेचा आहे, या निष्कर्षाला ते आले. १८८३ मध्ये ते समाजवादी चळवळीत उतरले. रस्त्यावर भाषणे दिली, वृत्तपत्र चालवले, त्यात पदरचे पैसे घातले. १८८५ मध्ये त्यांना अटकही झाली. त्यांची लगेच सुटका झाली.

तरी पेच सुटला नाही. १८९१ मध्ये त्यांनी केल्मस्कॉट मुद्रणालय काढले. तिथे हातयंत्रावर छापलेल्या चॉसरच्या ग्रंथाच्या कागदी प्रतीची किंमत २० पौंड, म्हणजे मजुराच्या अनेक आठवड्यांच्या कमाईइतकी होती. तो ग्रंथ १८९६ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, वयाच्या ६२ व्या वर्षी मॉरिस यांचे निधन झाले.

मुंबईशी धागा कोणता?

बर्न-जोन्स आणि जॉन लॉकवूड किपलिंग यांच्या पत्नी सख्ख्या बहिणी. हे किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटवरील शिल्पपट्ट्या त्यांच्याच. पुढे त्यांनी भारतीय कारागिरीचा पुरस्कार केला.

वारसा काय?

‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ हे नाव १८८७ मध्ये स्थापन झालेल्या प्रदर्शन संस्थेमुळे रूढ झाले. जर्मनीत १९१९ मध्ये सुरू झालेल्या बाउहाउसनेही कार्यशाळेत हाताने शिकण्याची कल्पना उचलली, मात्र पुढे यंत्राशी जुळवून घेतले. आज रेड हाऊस, वॉल्थमस्टो येथील मॉरिस संग्रहालय आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय येथे हे काम पाहता येते. ‘स्ट्रॉबेरी थीफ’ची नक्षी आता कपांवर आणि पिशव्यांवर यंत्राने छापून स्वस्तात मिळते. नक्षी सर्वांपर्यंत पोहोचली. ती हाताने घडवणाऱ्याला पोटापुरते मोल कसे मिळावे, हा मॉरिस यांचा प्रश्न मात्र आजही हातमागाच्या प्रत्येक दुकानात किमतीच्या चिठ्ठीवर दिसतो.